मावशीच्या दुकानातलं गिऱ्हाईक

चष्मेवाला आजही आला, आणि तिच्या हातातला झारा कढईत पडता पडता राहिला.

लागोपाठ तिसरा दिवस. एक डोनट घ्यायचा, काउंटरला कोपर टेकायचं आणि तिलाच काहीबाही विचारत राहायचं. आधी म्हणे याला भोक नव्हतं, मग आलं कुठून? मधला भाग कच्चा राहायचा, म्हणून मधलं काढूनच टाकलं असं म्हणतात, एवढंच ती काल खालमानेने बोलली होती. आज त्याने पहिल्या महायुद्धाची गोष्ट काढली. आघाडीवर बायका सैनिकांच्या लोखंडी टोपात चरबी तापवून डोनट तळायच्या. भोवती तोफा धडधडायच्या, तरी घाणा थांबायचा नाही.

मग सहज विचारावं तसं तो म्हणाला, "तुम्ही मूळच्या कुठल्या? इथे नवीनच दिसता."

तिने झारा खाली ठेवला. नवऱ्याने तिचं मनगट मोडलं, तेव्हा लेकीला कडेवर घेऊन ती नेसत्या कपड्यांनिशी निघाली होती. लांबच्या मावशीचं हे दुकान त्याला ठाऊक नव्हतं. मावशीने कशाला आलीस म्हणून विचारलं नाही. वरची खोली झाडून दिली, लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

पीठ आणायच्या निमित्ताने ती आत गेली.

"मावशी, तो यांचाच माणूस आहे. माग काढत आलाय."

मावशीने शांतपणे हात पुसले. लेकीला घेऊन कोठीत बस, म्हणाली. बाहेरून कुलूप घालते, म्हणजे कुणी आत डोकावणार नाही.

"पुढचं माझ्यावर सोड."

पिठाच्या पोत्यांमागे लेकीला छातीशी धरून ती बसली. दाराआडून चष्मेवाल्याचा आवाज येत होता. तो शाळेत शिकवायचा. मुलांना खाण्याच्या पदार्थांच्या गमतीजमती सांगायच्या होत्या, ताईंनी छान माहिती दिली, तेवढे आभार सांगा म्हणत होता. मग पावलं लांब गेली, दुकानाचं दार लागलं.

तिला स्वतःचंच हसू आलं. साप साप म्हणून भुई धोपटत होतो आपण. तिने लेकीचा पापा घेतला आणि कुलूप निघायची वाट पाहू लागली.

बाहेर मावशी फोनवर बोलत होती.

"संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, जावईबापू. या तुम्ही. दोघींना कोंडून ठेवलंय."