पुढची जागा

“या ना ताई, पुढे या,” म्हणत कौसाबाईंनी मतदानाच्या रांगेतली आपली जागा मला दिली. त्या माझ्याकडे धुणंभांडी करतात. पुढच्या बायकाही आमच्याच सोसायटीत कामाला. त्याही एकेक करून बाजूला झाल्या, रोज लिफ्टपाशी होतात तशा. मीही सवयीने पुढे गेले.

घरी येऊन शाईच्या बोटाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “मत न देणाऱ्यांनी नंतर तक्रार करू नये.”

नऊला कौसाबाई कामावर आल्या. भांडी घासताना त्यांची बोटं दिसली. शाई नव्हती.

“मत नाही दिलंत?”

“तुमच्यामागून बी विंगच्या मॅडम आल्या, मग डॉक्टरीणबाई, मग त्यांच्या सूनबाई. सगळ्यांना पुढे सोडलं. तोवर नऊ वाजत आले. पाहुणे यायचेत, उशीर नको, असं तुम्हीच बजावलं होतं.”

“भांडी राहू देत. आत्ता जा.”

“अजून पाच घरं आहेत, ताई.”

मी हात मागे घेतला, पण त्यांनी शाई पाहिली होतीच. त्या मनापासून हसल्या.

“तुमचं झालं ना? मग झालं की.”