झोपलेल्या माणसाचं दुकान

लाइव्ह सुरू झालं तेव्हा बाबा गादीवर आडवे होते आणि चक्क घोरत होते.

मोबाइल स्टँडला लावलेला, पडद्यावर लाल ठिपका लुकलुकतोय, लोक एकेक करून जमताहेत, आणि ज्यांनी कापसाच्या गादीचे गुण सांगायचे ते तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. भाषण लेकीनेच लिहून दिलं होतं. बाबांनी ते आठवडाभर पाठ केलं होतं. निदान तसं ते म्हणत तरी होते.

दोष तसा दुकानाच्या पद्धतीचाच. इथली प्रत्येक नवी गादी गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी बाबा तिच्यावर डोळे मिटून पाठ टेकत. कुठे गाठ टोचली तर गादी पुन्हा उसवायला जाई. आजही ‘तोवर जरा पाठ टेकून बघतो’ म्हणत ते आडवे झाले आणि लेक दिवे नीट लावण्यात गुंतली.

आजचा दिवस वाया घालवून चालणार नव्हतं. गादीवर बसून, दाबून बघणारं गिऱ्हाईक आता दुकानात येईनासं झालं होतं. लोक जुन्या गादीवर लोळत मोबाइलवरूनच नवी मागवत, आणि तीही दुसऱ्याच कुणाची तरी. म्हणून तर लेक चांगली नोकरी सोडून आली होती; दुकान मोबाइलवर नेऊन दाखवते म्हणाली होती. बापलेकीत ठरलं होतं की आजच्या लाइव्हने काही हललं नाही, तर रस्त्याकडचा गाळा शेजारच्या मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचा आणि तिने निमूटपणे पुन्हा नोकरी बघायची. तिला ते नको होतं. या कापसाच्या वासातच ती मोठी झाली होती.

आणि बाबांचं कॅमेऱ्याशी जुनं वाकडं होतं. लेक लहान असताना त्यांनी टीव्हीवर जाहिरात दिली होती. कल्पना त्यांचीच: गादीवर झोपलेला माणूस, बाकी काही नाही. झोपणार होते तेही बाबाच. पण दिवे लागले की त्यांची डावी पापणी फडफडायला लागे. शेवटी दिग्दर्शक वैतागला आणि त्याने आपल्या मेव्हण्याला झोपवलं. जाहिरात अशी काही गाजली की लोक दुकानाला ‘झोपलेल्या माणसाचं दुकान’ म्हणू लागले. बाबांनी दुसरा गाळा घेतला, कारागीर वाढवले. फक्त येणारा प्रत्येक जण विचारी, तो झोपलेला माणूस कुठे असतो? बाबा हसून ‘रजेवर आहे’ म्हणत. घरात मात्र त्या मेव्हण्याचा विषय काढायची सोय नव्हती.

“अगं, उठव त्यांना,” आई लेकीच्या कानात पुटपुटली.

लेक पुढे झालीही. तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी लिहिलं, हे खरंच झोपलेत का? पाठोपाठ दुसऱ्याने लिहिलं, उठवू नका. मग एका बाळंतिणीने लिहिलं की आज मोबाइलवर पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यावर ओरडत नाहीये. लेकीचा हात तिथेच थांबला. तिने भाषणाचा कागद घडी करून खिशात टाकला, स्टँडमागे उकिडवी बसली आणि आईच्या मोबाइलवरून लोकांना उत्तरं लिहू लागली. कापूस कुठला, टाके हाताचे की यंत्राचे, घरपोच येते का, लोक सगळं विचारत होते.

बाबांची झोपही मोठी गुणी निघाली. मध्येच घोरणं थांबलं तेव्हा लोक हळहळले. मग एक लांब सुस्कारा सोडून ते कुशीवर वळले, चादर सरकली आणि कोपऱ्यावर शिवलेलं दुकानाचं नाव नेमकं कॅमेऱ्यासमोर आलं. नशीब असावं तर असं, लेकीला वाटलं.

आतल्या खोलीत कारागिराच्या हातून मोठी कात्री फरशीवर पडली. लेकीने दचकून डोळे मिटून घेतले. बाबा ढिम्म.

“घरी चमचा पडला तरी उठून बसतात,” आई हळूच म्हणाली आणि नवऱ्याकडे जरा निरखून बघत राहिली.

लाइव्ह संपलं तेव्हा कारागीर आणखी कापूस मागवायचं बोलत होता. शेजारचा मोबाइलवाला गाळ्याचं विचारायला म्हणून आला, तो आपल्या आईसाठी गादी सांगून गेला. लेकीला इतका आनंद झाला की तिला रडूच फुटलं. आई कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवून चहा टाकायला आत गेली.

बाबा उठून बसले होते, पायाने चपला चाचपत होते. लेक त्यांच्यापाशी टेकली. तुम्हाला न विचारता झोपेत दाखवलं, रागावू नका, म्हणाली. गाळा आता भाड्याने द्यावा लागणार नाही, हेही सांगितलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“लोक म्हणताहेत, रोज दुपारी दाखवा. पण बाबा, झोप काय अशी ठरवून येते का?”

बाबांनी आतल्या दाराकडे एकदा नजर टाकली. भांड्यांचा आवाज येत होता. मग ते लेकीकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

“ते बघू. तू आधी सांग, डावी पापणी हलली नाही ना?”