मुंजीसाठी राखलेले केस

चैतालीनं भाताचा घास तोंडात घेतला आणि गालातच धरून ठेवला.

"गिळ की गं," शर्मिला हळूच म्हणाली आणि दचकून तिनं आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या त्या कार्यालयात आज मुंज होती. दारावरच्या फलकावर नाव होतं शुभंकर. आठ वर्षांच्या या लेकराला चैताली म्हणायचं ते फक्त आईबाबांनी, तेही घरात, दार लावल्यावर. बाकी सगळ्या जगासाठी तो मुलगा होता. तिला मात्र आपण मुलगी आहोत हे बोलता यायला लागल्यापासून ठाऊक होतं, आणि तिनं ते सांगितलंही होतं.

मातृभोजन चाललं होतं. मुंज लागण्याआधीचं आईच्या ताटातलं शेवटचं जेवण. सोबतीला बसवलेली आठ मुलं जिलब्या संपवून केव्हाच पळाली होती. व्हिडिओवाला पहिला घास टिपून चहाला गेला होता. पाटांवर आता दोघी मायलेकीच उरल्या होत्या. जेवण उरकलं की मागच्या अंगणात मुंडन. तिथे दत्तोबा न्हावी मशीन चालवून बघत होते. तो आवाज आला की चैतालीचा हात खांद्यावरच्या केसांवर जायचा.

हे केस दोन वर्षं वाढवलेले. कुणी विचारलं की शर्मिला आणि तिचा नवरा अनिरुद्ध सांगायचे, "मुंजीसाठी राखलेत." किती सोपं उत्तर! नातेवाईक खूश, सोसायटी खूश, शाळासुद्धा गप्प. मग एक दिवस अनिरुद्धचे वडील, अण्णा, मुहूर्तच काढून आले. आपणच मारलेल्या थापेला आता नाही कसं म्हणायचं, ते दोघांनाही सुचलं नाही.

"आई, जेवण संपलं की लगेच कापणार?"

"हो."

चैतालीनं जरा विचार केला. "मग अजून वाढायला सांग."

शर्मिलानं वाढप्याला हाक मारली. मसालेभात झाला, जिलबी झाली, आता ताकभात. ती एवढे एवढे घास करून भरवत होती. लेकीच्या पोटाआड आपण लपतोय हे तिला कळत होतं. तिला स्वतःची लाज वाटत होती. तरी ती भरवत राहिली.

"बटू जेवतोय की सप्ताहाला बसलाय?" गुरुजी म्हणाले. "मुहूर्त अकरा बेचाळीसचा आहे. रात्रीचा नाही."

चार बायका हसल्या. अनिरुद्धची बहीण पूर्णिमा जवळ आली. "वहिनी, पुरे की. उलटी होईल पोराला. आणि केसांचं काय घेऊन बसलाय रे शुभंकर? दोन महिन्यांत येतील परत."

चैतालीला उचकी लागली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं कुणाकडेच पाहिलं नाही.

"भरव," ती आईला म्हणाली.

अण्णांनी मुलाला खूण केली. "अनिरुद्ध, उठव त्या दोघांना. हसं होतंय आपलं."

अनिरुद्ध सोवळं सावरत आला. सकाळपासून तो उपाशी होता. मंत्र द्यायचा मान खरा अण्णांचा, पण गोळ्यांसाठी त्यांना सकाळीच खावं लागतं, म्हणून तो मान अनिरुद्धकडे आला होता. मंत्र देणाऱ्याच्या पोटात अन्नाचा कण जाता कामा नये, असं गुरुजींनी तीनतीनदा बजावलं होतं. पहाटे त्यानं चहाचा कप उचलला, तो अण्णांनी हातातून काढून घेतला होता.

तो ताटासमोर उकिडवा बसला. "झालं?"

चैतालीच्या गालात भात होता. तिनं ताटाकडे बोट दाखवलं. कडेला तिनं भाताचे इवलेसे गोळे करून ओळीनं मांडून ठेवले होते. सहा उरले होते. पोट तटतटलेलं होतं, ओठ पांढरे पडले होते, आणि ती त्या सहा गोळ्यांवर डोळा ठेवून होती.

काल तिला "केस काय, परत येतात" हेच अनिरुद्धनंही सांगितलं होतं.

अंगणात मशीन पुन्हा घरघरलं. अनिरुद्धनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा घड्याळ बघत होते.

त्यानं ताटाकडे हात नेला. आता हा ताट उचलणार, असं वाटून शर्मिलानं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. अनिरुद्धनं ताट उचललं नाही. ओळीतला पहिला गोळा उचलला आणि आपल्या तोंडात घातला.

"अहो! अहो, काय करताय!" गुरुजी ओरडले. "खाल्लंत तुम्ही? आता मंत्र कोण देणार? मुंज लागायची कशी?"

अनिरुद्ध चावत होता. त्यानं दुसरा गोळा उचलला.

"अनिरुद्ध!" अण्णा खुर्चीवरून उठले. पूर्णिमानं तोंडावर पदर धरला. अण्णा पंगतीच्या दिशेनं चालत येऊ लागले.

चैतालीनं गालातला भात गिळला आणि आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

शर्मिलानं एका हातानं तिचे केस आवरून धरले. दुसऱ्या हातानं शेजारचा रिकामा पाट नवऱ्याकडे सरकवला आणि वाढप्याला खूण केली. अण्णा अगदी जवळ आले होते.

"सावकाश होऊ दे," ती अनिरुद्धला म्हणाली.