दोनदा पन्नास

"दोष तुमच्या पॉइंटमध्ये नाही, काका. गाडीतही नाही," वायरमनने टेस्टर खिशात खोचला. "पन्नास टक्के झाले की चार्जिंग बंद व्हावं, असं कुणीतरी फोनवरून लावून ठेवलंय."

ड्रायव्हरकाका स्टुलावर टेकले. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती. गाडी मुलाने घेऊन दिली होती आणि तिचं ॲप मुलाच्याच फोनमध्ये होतं. तीन महिने काका घरातल्या त्या बिचाऱ्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटला शिव्या घालत होते. रात्रभर लावून ठेवावी आणि सकाळी बघावं, तर पडद्यावर पन्नास. पॉइंटमध्येच दम नाही असं ठरवून त्यांनी आज भिंतीवर जलद चार्जर बसवायला वायरमनला बोलावलं होतं. मुलाला विचारलं होतं, तेव्हा त्याने गोड आवाजात सांगितलं होतं, "बॅटरीच्या तब्येतीला तेवढंच बरं, बाबा."

तीन महिने. काकांच्या डोक्यात आता लख्ख प्रकाश पडला. तीन महिन्यांपूर्वीच त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा पाय मोडला होता. तिला मूलबाळ नाही, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. "मी जातो आणि तिला इकडे घेऊन येतो," असं काका म्हणाले होते. मुलगा भडकला होता. तुमचं तुम्हाला होत नाही, तिचं कोण करणार? त्याच आठवड्यापासून गाडी पन्नासवर अडायला लागली. पन्नास टक्क्यांत ती जायची एकशेवीस किलोमीटर. आक्काचं गाव होतं एकशेऐंशीवर, आणि त्या रस्त्याला चार्जिंग स्टेशन औषधालाही नव्हतं. येत्या सोमवारी आक्काचे पुतणे तिला वृद्धाश्रमात नेऊन सोडणार होते. आज शुक्रवार होता.

"दोन मिनिटांत काढून देतो ते," वायरमन म्हणाला.

"नको. मी काय चोर आहे कुलूप तोडायला? राहू दे."

"मग टॅक्सी करा ना, काका."

"चौतीस वर्षं बस चालवली. अख्ख्या जगाला घरी पोचवलं आणि बहिणीला दुसऱ्याच्या गाडीतून आणू?" काकांचा आवाज इतका चढला की वायरमनने निमूटपणे वायर गुंडाळायला घेतली.

काकांना राग आला होता. पण रागापेक्षा त्यांना मुलाची कीव जास्त आली. ड्रायव्हरच्या पोटी जन्माला येऊन त्याला एवढंही उमजू नये? एका दमात कुठली बस शेवटच्या गावाला पोचली आहे? ड्रायव्हर रस्ता मोजतो तो थांब्यांनी. काकांनी फोन उचलला आणि आपल्या जुन्या कंडक्टरला लावला. गाडी सुटायच्या आधी तो दोनदा घंटी मारायचा आणि तीही अशी की झोपलेले प्रवासी दचकून उठायचे, म्हणून डेपोत सगळे त्याला डबलबेल म्हणत. रिटायर झाल्यावर तो आक्काच्या गावाच्या वाटेवर, पंचाण्णव किलोमीटरवर घर बांधून राहिला होता.

"डबलबेल, तुझ्या विहिरीवर पंपाचा पॉइंट आहे ना?"

"आहे की. पंप पाहिजे का तुला?"

"पॉइंट पाहिजे. चार तास."

"ये. पण उपाशी जायचं नाही, सांगून ठेवतो."

शनिवारी सकाळी सहाला काका निघाले. घाट त्यांनी असा चढवला की बॅटरीचा आकडासुद्धा हळूहळू, मान राखून खाली आला. साडेआठला गाडी डबलबेलच्या पंपाच्या पॉइंटला लागली. विहिरीवर मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे मुलाच्या फोनला खबर गेली नाही. दोघे म्हातारे जेवले, भांडले, मेलेल्या सायबांना नावं ठेवून घटकाभर झोपले. साडेबाराला गाडी पन्नासवर येऊन आपोआप थांबली. काकांनी वायर काढली आणि डबलबेलने तोंडानेच दोन घंट्या दिल्या.

तीनला आक्काचं घर आलं. आक्का दारात खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर पिशवी, अंगावर ठेवणीतली साडी. पुतण्यांना तिने सकाळीच सांगून टाकलं होतं, "माझा भाऊ येतोय, तुमचा सोमवार तुम्हाला लखलाभ." कशाने येणार, कसा येणार, असलं काही तिने काकांना फोनवर विचारलंच नव्हतं. "केवढा वाळलास रे," एवढंच ती आता म्हणाली आणि तिने डोळे पुसले. उद्या निघेपर्यंत गाडी भरत राहावी म्हणून काकांनी खिडकीतून वायर आत घेतली आणि प्लग लावला.

दुसऱ्या मिनिटाला फोन वाजला.

"बाबा! गाडी आक्काच्या गावात चार्जिंगला लागलीय? एवढ्या लांब गेली कशी? कुणी शंभर टक्के भरून दिली?"

"शंभर कुठली? तुझ्या शब्दाबाहेर नाही रे गेलो. पन्नासच भरली. दोनदा."

मुलाचा आवाज आला, चिडलेला आणि रडवेलाही. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? काळजी वाटते म्हणून केलं मी हे."

"वाटणारच. मलाही वाटली होती," काका म्हणाले. "तू पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन निघालास, तेव्हा तू परत येईपर्यंत मी दारातून हललो नव्हतो. पण टाकी मी काठोकाठ भरून दिली होती."