सुटलेल्या माशाची लांबी

जगातला सर्वांत मोठा मासा एकदा बाबांच्या गळाला लागला होता. तो सुटला, ही त्या विक्रमातली एक खोट. दुसरी खोट म्हणजे तेव्हा शेजारी लेक बसली होती. बाबांनी पाहुण्यांपुढे दोन्ही हात पसरले, की ती आतून ओरडायची, "काहीतरीच काय बाबा! वीतभर होता." मग पाहुणे हसायचे आणि बाबांचे हात खाली यायचे.

यंदा अर्धांगवायूने बाबांचा डावा हात गेला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "केवढा होता हो काका, तुमचा तो मासा?"

बाबांनी हौसेने उजवा हात पसरला. डावा मांडीवरून हललाच नाही. मासा एका बाजूने सुरू झाला, पण संपायला जागाच मिळेना.

लेक उठली. बाबांच्या डाव्या बाजूला उभं राहून तिने आपला हात पुढे धरला. "एवढा ना, बाबा?"

"मागे सर."

ती सरली.

"अजून."

तिची पाठ टेकली. "बाबा, मागे दार आहे."

"मग उघड की जरा. शेपटी राहिलीये अजून."