धुराची सुट्टी

काजवालीने सिगारेटचं पाकीट पुढे केलं. कॉलरवालीने हात पदरात घेतला.

"काय गं, सासू आलीय का मागून?" काजवाली हसली.

"सोडली."

शर्टांच्या शिवणकारखान्याच्या मागच्या जिन्यावर चारच्या सुट्टीला त्या दोघीच असत. काजवालीने काडी ओढली आणि दोन पायऱ्या खाली जाऊन तोंड वळवून धूर सोडला. "कधीपासून?"

"सकाळी डॉक्टरणीकडून निघाल्यापासून. म्हणाली, तुझं वय चौतीस, पण अंडाशय चाळिशी ओलांडून बसलंय. धुरानं हार्मोन बिघडतात, अंडी वेळेआधी सरतात. गेली ती गेली. उरलीत ती राखायची तर आजच थांब."

"थांबलीस तर होईल मूल?"

"होईलच असं नाही म्हणाली. आपल्या हातानं दार लावून घेऊ नकोस, म्हणाली."

काजवालीने धूर आणखी लांब सोडला.

तेवढ्यात सुपरवायझर दारात आला. त्याची नजर कॉलरवालीच्या रिकाम्या बोटांवर गेली. "ओढायची नसेल तर मशीनवर चला बाई. ही सुट्टी ओढणाऱ्यांची. त्यांचे हात थरथरतात, टाके वाकडे जातात, म्हणून सोडतो."

कॉलरवालीला हे नव्याने सांगायला नको होतं. दिवसाला दोनशे कॉलर. मान खाली ती खालीच, सुईसारखी. सहा वर्षांपूर्वी मान वर करायची ही एकच वाट दिसली, म्हणून तर ती ओढायला शिकली. पहिल्या दिवशी खोकून खोकून डोळे भरून आले होते. पण पाठ मोकळी झाली होती.

ती उठली नाही.

"साहेब, मी धूर सोडलाय. दहा मिनिटं नाही सोडली."

"असा कायदा नाही."

"मग लिहा तसा. उद्या डॉक्टरणीची चिठ्ठी आणते, हवी तर भिंतीवर लावा. माझी पाळी, माझी अंडी, सगळं वाचू दे कारखान्याला. मला आता कसली लाज."

सुपरवायझरचे कान लाल झाले. तो जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिला. "उद्या सगळ्याच येऊन बसतील," तो पुटपुटला.

"बसू देत की. पायऱ्या का झिजणारेत?"

त्याच्या मागे कुणीतरी घुटमळत होतं. बाहीवाली. महिन्यापूर्वी लग्न झालेली पोर. 'मलाही शिकवा ना ओढायला' म्हणत आठवडाभर काजवालीच्या मागे लागलेली. सुपरवायझरला वळसा घालून ती पुढे आली. गळ्यात टेप तशीच, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे.

"ताई," तिने हळूच विचारलं, "नुसतं बसलं तर चालतं?"

कॉलरवाली पायरीवर सरकली.