जास्तीची गोळी

नत्थू शेताच्या कडेला धुऱ्यावर आला तेव्हा मंदाबाई बाकी बायांसोबत गुडघाभर चिखलात वाकून भाताचा रोवणा करत होती. त्याच्या एका हातात पाण्याची बाटली होती, दुसऱ्या मुठीत एक गोळी. खिशातला मोबाइल त्याने बंदच करून टाकला होता. लाखांदूरहून देवकाबाईच्या मुलाचा, चंद्रकुमारचा, फोन येऊन गेला होता. देवकाबाई सकाळीच गेली. मंदाबाईची एकुलती एक बहीण. ही बातमी बायकोच्या कानात पडायच्या आधी गोळी तिच्या पोटात पडायला हवी, एवढंच मनात घेऊन तो घरून निघाला होता.

"मंदा, बाहेर ये वं थोडी. गोळी घे."

"सकारीच घेतली ना जी."

"अजून एक घे."

बाया खुसुखुसू हसल्या. तिच्या बाजूला रोवणारी शकुनबाई तर कंबर सरळ करून उभीच राहिली. "पाहा वं! आमचा म्हातारा चहाले बी विचारत नाही. नत्थूभाऊ, कधी आमची बी खबर घेत जा!"

नत्थूने हसायला हवं होतं. त्याला जमलं नाही.

मंदाबाई हातातले भाताचे पऱ्हे पाण्यात ठेवून धुऱ्याशी आली. "काहून? आज का झालं?"

"तुले ताप असल्यासारखा वाटते."

तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. ते मागे घेऊन तिने कपाळच पुढे केलं. "लावून पाहा हात."

कपाळ गार होतं. आता लांबून, भाताच्या बांधीत वाकलेल्या बाईचा ताप कुणाला दिसतो का? पण खोटं बोलायचं म्हणजे या माणसाची तऱ्हा नेहमी अशीच.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून समजावलं होतं. माणसावर काही कोसळलं की मेंदू निरोप धाडतो. मेंदूच्या बुडाशी चण्याएवढी एक ग्रंथी असते, ती तो निरोप रक्तात सोडते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी तो ऐकतात आणि सोसायचं बळ देणारा रस ओततात. लेकीच्या, मोनाच्या, वेळच्या बाळंतपणात मंदाबाईचं रक्त फार गेलं, त्यात ती मेंदूखालची ग्रंथीच सुकून गेली. आता मेंदू कितीही ओरडला तरी निरोप पुढे जात नाही. म्हणून रोजची गोळी. आणि ताप आला, उलट्या झाल्या, कुठे मार लागला, की जास्तीची. फार मोठं दुःख आलं तरीही जास्तीची. नाहीतर प्रेशर उतरतं आणि बाई जागच्या जागी आडवी होते. मग ती उठेलच असं डॉक्टरही सांगत नव्हते.

मंदाबाईला ते सगळं पाठ होतं.

"ताप नाही," ती हळूच म्हणाली. "उलटी नाही. कोठं पडली बी नाही." मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "कोन, जी?"

"पहिले गीळ."

"मोना?"

"नाही, नाही! मोना चांगली आहे. तुही शपथ."

तिने श्वास सोडला आणि लहान लेकरासारखं तोंड उघडलं. नत्थूने सगळ्या बायांसमोर गोळी तिच्या जिभेवर ठेवली, हनुवटीखाली तळवा धरला आणि बाटलीतून पाणी पाजलं. आता कुणी हसलं नाही. शकुनबाई हातातली जुडी तशीच धरून उभी होती.

मंदाबाई धुऱ्यावर बसली. नत्थू तिला खेटून बसला.

"अर्धा घंटा तरी लागते म्हणे गोळी लागाले. तवर काई विचारू नको. तुही गोष्ट मी आयकतो, पन हे नाही."

"लाखांदूरचा फोन होता?"

लाखांदूरला नत्थू गेला की देवकाबाई माहेरच्या जावयाचा मान वगैरे काही ठेवत नसे. त्याला चुलीपुढे बसवायची, न विचारता दुसऱ्यांदा भात वाढायची आणि "बारीक झाला रे नत्थू" म्हणून त्यालाच रागवायची. त्याने मान फिरवली, दुपट्ट्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. काही उपयोग झाला नाही.

मंदाबाईला कळायचं ते कळलं. ती हलली नाही. चिखलाचा हात तिने लुगड्याला पुसला आणि त्याच्या पाठीवर ठेवला.

"तुमच्या डोक्यातून तं निरोप बराबर जाते ना जी?" ती म्हणाली. "मंग तुम्ही रडून घ्या. माही गोळी लागू द्या, मंग मी रडतो."